अपडेटनंतर स्क्रीन बिघडली? आधी डिव्हाइस मॅनेजरमधली दोन नावं वाचा

रात्री अपडेट झालं. सकाळी संगणक सुरू केला तर आयकॉन बशीएवढे, अक्षरं फुगलेली आणि टॅलीची अर्धी खिडकी पडद्याच्या बाहेर. रिझोल्यूशन (पडद्यावर आडवे-उभे किती ठिपके) बदलायला सेटिंग्जमध्ये जावं तर यादीत १०२४ × ७६८ एवढंच दिसतं, नाहीतर ती यादीच करडी पडलेली असते, उघडतच नाही.

सांगली-मिरजेकडचे डीटीपीवाले, करसल्लागार आणि दोन शाळा यांचे संगणक मी गेली चौदा वर्षं सांभाळतो आहे. या एका तक्रारीवर लोकांना जे सल्ले मिळतात ते ऐकून संताप येतो. कुणी म्हणतं फॉरमॅट मारा. कुणी म्हणतं मॉनिटर गेला, नवा घ्या. कुणी जाहिरातींनी भरलेलं 'ड्रायव्हर अपडेटर' टाकून देतं. (ड्रायव्हर म्हणजे संगणकाचा एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणारं छोटं सॉफ्टवेअर.) फॉरमॅट मारल्यामुळे जमवलेले मराठी फॉन्ट आणि जुन्या पत्रिकांच्या फाइली कायमच्या गेल्याचं मी पाहिलं आहे, आणि तेही अशा बिघाडासाठी, जो तासाभरात दुरुस्त झाला असता. खाली लिहितो ते विंडोज १० आणि ११ साठी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, त्याच्या आगेमागे अनेकांनी जुन्या मशीनवर ११ चढवलं, आणि माझ्याकडे या तक्रारी वाढल्या त्या तेव्हापासून.

आधी दोन मिनिटांची कामं

रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोज ड्रायव्हरची जुनी स्थिती जपून ठेवतं आणि तीच पुन्हा उघडतं. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. पडदा क्षणभर काळा होऊन परत येईल. ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला असेल तर एवढ्यानेही सुटतो.

केबल पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डातच हवी, वरच्या बाजूला मदरबोर्डच्या पोर्टमध्ये नको. सफाईच्या वेळी ती हमखास चुकीच्या जागी लागते.

आणि सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले इथे जाऊन 'स्केल' (अक्षरं आणि आयकॉन किती मोठे) आणि 'रिझोल्यूशन' हे दोन्ही वेगवेगळे वाचा. रिझोल्यूशन बरोबर असून फक्त स्केल १०० टक्क्यांवरून १५० वर गेलं असेल तर ते खाली आणा, काम संपलं. बरोबर रिझोल्यूशन कोणतं, ते मॉनिटरवरून ठरतं. १८.५ इंचीला साधारण १३६६ × ७६८, १९.५ इंचीला १६०० × ९००, २१.५ आणि २४ इंचीला बहुतेक वेळा १९२० × १०८०, जुन्या चौकोनी १७ इंचीला १२८० × १०२४. यापेक्षा कमी ठेवलं की अक्षरं पुसट दिसतात. 'चालतंय की' म्हणून तसंच ठेवू नका, दिवसभर काम करणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होतो.

आता ती दोन नावं

स्टार्टवर उजवं क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स'खाली काय लिहिलंय ते वाचा, मग 'मॉनिटर्स'खाली काय लिहिलंय ते वाचा. पुढचं सगळं यावर ठरतं, म्हणून ही पायरी कुणीही गाळू नये.

डिस्प्ले अ‍ॅडॉप्टरच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' असेल तर तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर उडाला आहे आणि विंडोजने कामचलाऊ ड्रायव्हर लावला आहे. त्याला बहुतेक रिझोल्यूशन येतच नाहीत, त्यामुळे सेटिंग्जमध्ये कितीही शोधाशोध केली तरी उपयोग नाही. कार्डाचं नाव बरोबर आहे पण पिवळा त्रिकोण आहे, तरीही दोष ड्रायव्हरचाच.

कार्डाचं नाव ठीक आहे, पण मॉनिटरच्या जागी 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' दिसतंय? मग ड्रायव्हरला हात लावू नका. संगणकाला समोरचा मॉनिटर ओळखता आलेला नाही, आणि तो दोष बहुधा केबलचा किंवा कन्व्हर्टरचा. नुसतं 'जेनेरिक पीएनपी मॉनिटर' असेल तर काळजी नाही, ते नेहमीचंच आहे. मधला 'नॉन' आहे की नाही तेवढं नीट पाहा.

ड्रायव्हर: इथे घाई केली की रात्र जाते

सोपा मार्ग आधी. डिस्प्ले अ‍ॅडॉप्टरवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, 'रोल बॅक ड्रायव्हर'. बटण उजळलेलं असेल तर दाबा आणि रीस्टार्ट करा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. बटण करडं असेल तर पुढे वाचा.

माझी फजिती इथेच झाली होती. लग्नसराईत एका डीटीपी सेंटरचं मशीन असंच आलं. ड्रायव्हर काढला, नवा बसवला, रीस्टार्ट केलं, परत तेच १०२४ × ७६८. पुन्हा काढला, पुन्हा तेच. तीन रात्री हे चाललं, आणि त्या माणसाच्या पत्रिका दुसरीकडे छापून घ्याव्या लागल्या. चूक माझी होती, आणि ती एक नव्हती, दोन होत्या.

पहिली चूक: लॅनची केबल लावलेली होती. ड्रायव्हर काढला की विंडोजला कार्ड बिनड्रायव्हरचं दिसतं आणि ते लगेच इंटरनेटवरून आपल्या पसंतीचा ड्रायव्हर आणायला लागतं. तोच मी माझा बसवत होतो. एका कार्डावर एकाच वेळी दोघांचं काम चालल्यावर धड काय होणार?

दुसरी चूक कळायला जास्त वेळ लागला. विंडोज जुन्या ड्रायव्हरच्या प्रती स्वतःच्या साठ्यात ठेवतं. तुम्ही एक काढलात की रीस्टार्टनंतर ते साठ्यातली आधीची प्रत काढून बसवतं. नाव तेच दिसतं, त्यामुळे आपल्याला वाटतं ड्रायव्हर निघालाच नाही. खरं तर एक निघालेला असतो आणि त्याच्या मागचा पुढे आलेला असतो.

म्हणून क्रम असा ठेवा, आणि तो मोडू नका.

काढण्याआधी योग्य ड्रायव्हर उतरवून डेस्कटॉपवर ठेवा, शक्यतो पेनड्राइव्हवरही. तो कोणता हे ठरवताना खोक्यावरचं नाव किंवा दुकानदाराची आठवण पुरेशी नाही. बेसिक अ‍ॅडॉप्टर दिसत असला तरी प्रॉपर्टीज, डिटेल्स, 'हार्डवेअर आयडीज' इथे खरं कार्ड लपत नाही. त्या ओळीत पहिला चार आकडी क्रमांक कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ म्हणजे एएमडी, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. (इंटेलने हा क्रमांक आपल्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरवरून घेतला, त्यामुळे तो लक्षात राहतो.) दुसरा क्रमांक मॉडेलचा. तो इंटरनेटवर शोधला की नेमकं कार्ड कळतं.

आणि सर्वांत नवा ड्रायव्हर म्हणजे योग्य ड्रायव्हर, हा समज सोडून द्या. आपल्याकडे असंख्य मशीनमध्ये जीटी ७१० बसलेलं आहे. त्याला एनव्हिडियाची ४७० ची मालिकाच चालते. त्यानंतरचा ड्रायव्हर 'सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही' म्हणून थांबतो, आणि लोक समजतात कार्ड मेलं. जीटी ७३० घेताना तर आणखी जपा, एकाच नावाखाली दोन पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या, आणि त्यातल्या जुन्या फर्मी चिपला ३९० ची मालिका लागते. जीटीएक्स १०५० टीआयसाठी ५८० ची मालिका शेवटची. ब्रँडेड संगणकातल्या अंगभूत ग्राफिक्ससाठी त्याच कंपनीच्या साइटवर मशीनचा सीरियल क्रमांक टाकून ड्रायव्हर घ्या. असेंबल्ड असेल तर मदरबोर्डच्या मॉडेलवरून.

मग लॅनची केबल उपटा, वायफाय बंद करा. हे खरंच करा, 'एवढ्यात काय होतंय' म्हणू नका.

आता डिस्प्ले अ‍ॅडॉप्टरवर उजवं क्लिक, 'अनइन्स्टॉल डिव्हाइस'. जी खिडकी येते तिच्यात ड्रायव्हरचं सॉफ्टवेअरही काढून टाकण्याची चौकट असते. तिच्यात बरोबरची खूण करा. ही खूण राहिली तर साठ्यातली प्रत तशीच राहते. पडदा काही सेकंद काळा होईल, घाबरून पॉवरचं बटण दाबू नका. रीस्टार्ट करा आणि नाव वाचा. पुन्हा कार्डाचंच नाव आलं तर पुन्हा हेच करा. मला एका मशीनवर चार वेळा करावं लागलं. शेवटी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' आलं आणि स्क्रीन पहिल्यापेक्षाही वाईट दिसली, की समजा काम नीट झालं. बहुतेक लोक नेमके इथेच घाबरून उलटे फिरतात.

आता डेस्कटॉपवरचा ड्रायव्हर बसवा. एनव्हिडियात 'कस्टम' निवडून 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर खूण करा. रीस्टार्ट करा, नाव तपासा, रिझोल्यूशन लावा. पंधरा सेकंदांत 'कीप चेंजेस' दाबलं नाही तर ते आपोआप मागे जातं. हे तुमच्या सोयीसाठीच आहे. पडदा काळा झाला तर काहीही न दाबता थांबा. सगळं जागेवर बसल्यावरच लॅनची केबल जोडा.

एवढं करूनही ड्रायव्हर निघत नसेल तर 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हे मोफत साधन वापरा, पण सेफ मोडमध्येच, म्हणजे विंडोज मोजक्या ड्रायव्हरवर सुरू होतं त्या अवस्थेत. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ चं बटण. त्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: खात्याचा पासवर्ड, कारण सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, आणि डिस्क एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) असेल तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या त्या कुलपाची, रिकव्हरी की. ती की नसताना अडकलात तर रिझोल्यूशन बाजूला राहील आणि सगळा डेटा पणाला लागेल. माझं मत विचाराल तर हे साधन पहिल्या झटक्यात वापरूच नये. वरच्या पद्धतीने निघत नाही तेव्हाच.

मॉनिटर ओळखत नसेल तर

प्रत्येक मॉनिटर आपली माहिती केबलमधूनच संगणकाला सांगतो: मी अमुक इंची, मला अमुक रिझोल्यूशन चालतं. व्हीजीए केबलच्या पंधरा पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिना या बोलण्यासाठी असतात. स्वस्त केबलमध्ये त्या जोडलेल्याच नसतात, नाहीतर ओढाताणीत वाकलेल्या असतात. चित्र दिसत राहतं, कारण रंगांच्या तारा वेगळ्या. म्हणून केबलवर कुणाचा संशय जात नाही.

अपडेटनंतर ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, मॉनिटरला नव्याने विचारतो आणि उत्तर मिळत नाही. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर मधे असेल तर आधी त्याच्यावर संशय घ्या. जुना मॉनिटर नव्या मशीनला जोडलेल्या घरांत हा तुकडा हमखास असतो.

संगणक आणि मॉनिटर दोन्ही बंद करा, केबल दोन्ही टोकांनी काढा, मॉनिटरचा प्लगही मिनिटभर काढून ठेवा, मग जोडा. नाही जमलं तर दुसरी केबल लावा, शेजाऱ्याकडून तासाभरासाठी मागून आणली तरी चालेल. मॉनिटरला एचडीएमआय असेल तर व्हीजीए कायमचं सोडा. तरीही रिझोल्यूशन दिसत नसेल तर डिस्प्ले सेटिंग्जमधून 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले', 'डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर प्रॉपर्टीज', 'लिस्ट ऑल मोड्स' इथे पाहा. मुख्य यादीत नसलेलं कधी कधी तिथे सापडतं. 'कस्टम रिझोल्यूशन' बनवायचे उपाय सांगितले जातात, ते नवी केबल लावून पाहिल्यानंतरच.

टीव्ही मॉनिटर म्हणून वापरत असाल आणि कडा कापल्या जात असतील तर तो दोष टीव्हीच्या चित्राच्या आकाराचा. टीव्हीच्या मेन्यूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा, तेवढं पुरे.

झाल्यावर

सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. आठवडाभर थांबवा, कायमचं बंद करू नका, सुरक्षेचे अपडेट त्यातूनच येतात. स्टार्टमध्ये 'चेंज डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' शोधून 'नो' निवडा. मोठ्या आवृत्तीच्या अपडेटनंतर हे सगळं घडलं असेल आणि काहीच लागू पडत नसेल तर आधीच्या आवृत्तीवर परत नेणारं रिकव्हरीमधलं 'गो बॅक' सहसा दहा दिवसच उघडं असतं, तेव्हा दहाव्या दिवसाची वाट पाहू नका.

आणि चाललेला ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवा, त्याचा क्रमांक कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहा. माझ्याकडच्या प्रत्येक मशीनमध्ये ती चिकटपट्टी आहे.