घरातल्या साध्या दिवसातून शिकायचं कसं? आमच्या फ्रीजला टांगलेल्या वहीची पद्धत

आमच्याकडे इंदूरला नळ एक दिवसाआड येतो. नर्मदेचं पाणी १९७८ साली पहिल्यांदा शहरात आलं, तिकडे नर्मदाकाठच्या जलूद गावाहून सत्तरेक किलोमीटर पंपांनी चढवत आणतात, त्यामुळे नळ आला की घरातली सगळी कामं बाजूला राहतात आणि जो तो बादली धरतो. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, टाकीचा पाइप लावायच्या आधी एक बादली भरून समोरच्या घरातल्या आजींच्या दारात ठेवतात कारण त्या आजींना गुडघ्यांमुळे वाकून भरता येत नाही. सोळा वर्षं मी हे बघत होते आणि तरी मला ते दिसलं नव्हतं, दिसलं ते ज्या दिवशी वहीत लिहिलं त्या दिवशी.

तर ही वही कशी ठेवायची, त्यात काय लिहायचं, मग त्याचं करायचं काय, हे सांगते. प्रेरणा हवी म्हणून मोबाईलवर मोठ्या लोकांची भाषणं मीही खूप ऐकली, ऐकताना बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी डबे, शाळेची बस, गॅसवाला असं सगळं एकदम अंगावर आलं की त्यातलं एक वाक्य आठवत नाही. घरातल्या माणसाकडून घेतलेली गोष्ट मात्र आठवते, ते माणूस समोरच वावरत असतं ना.

पहिली पायरी: वही हाताशी ठेवा

हे फार महत्त्वाचं आहे आणि इथेच बहुतेकांचं अडतं. आमचं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं यायला लागलं तेव्हा घराघरात ओला कचरा वेगळा, सुका वेगळा सुरू झालं, आमच्याकडे सुरुवातीला दोन्ही डबे मागच्या गॅलरीत ठेवले होते आणि रोज सगळं एकत्रच व्हायचं, कारण भाजी चिरताना उठून तिथवर कोण जाणार. धाकट्याने, तेव्हा तो दुसरीत होता, दोन्ही डबे उचलून ओट्याखाली आणून ठेवले आणि चार दिवसांत घर सुधारलं, कोणाला काही समजवावं लागलं नाही. वहीचंही तेच आहे. कपाटात ठेवलेली माझी सुंदर डायरी महिन्यात दोनदा उघडली गेली. आता शंभर पानी साधी वही फ्रीजच्या बाजूला खिळ्याला टांगलीये, सुतळीने पेन बांधलंय, कणकेच्या हाताने पण लिहिता येतं.

रोज तीन ओळी. तारीख, कोणी काय केलं किंवा काय म्हटलं, आणि तेव्हा मी काय करत होते. बस.

एक नियम मात्र पक्का पाळा, पहिले पंधरा दिवस "यातून मी काय शिकले" हे अजिबात लिहायचं नाही. डोळ्यांना दिसलं, कानांनी ऐकलं तेवढंच. "आई किती प्रेमळ आहेत" ही ओळ काही कामाची नाही, ती कोणाच्याही घरी लिहिता येते. "नळ उशिरा आला, धार बारीक होती, तरी आईंनी आधी समोरची बादली भरली" ही ओळ कामाची. आणि शब्द त्यांचेच ठेवा, आमच्याकडे मराठी-हिंदी एकत्र बोलतात तर तसंच लिहा, सासरे "अरे भिया, जाऊ दे ना" म्हणाले तर ते शुद्ध मराठीत करत बसू नका, त्यातलं माणूस निघून जातं.

दुसरी पायरी: दिवसातली वीस मिनिटं ठरवा

दिवसभर लक्ष ठेवायला गेलात तर दोन दिवसांत कंटाळाल. एक वेळ, एक जागा निवडा. माझी वेळ म्हणजे सकाळी आई पोहे करतात ती.

इंदुरी पोहे करताना पोहे धुऊन निथळत ठेवायचे, मीठ-साखर-हळद आधीच लावायची, तेलात मोहरी आणि बडीशेप, मिरची, मग पोहे घालून एकदा हलवायचे, आणि भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून झाकायचं. वरून सेव, जीरावन मसाला, कांदा, कोथिंबीर, लिंबू, ते नंतर. इतकी वर्षं माझे पोहे चिकट व्हायचे आणि मला वाटायचं की पोहेच जाड-बारीक आहेत. वीस मिनिटं नुसतं बघायचं ठरवलं तेव्हा कळलं की मी दर दोन मिनिटांनी झाकण काढून हलवत होते आणि आई झाकणाला हातच लावत नाहीत, त्या तेवढ्यात कोथिंबीर निवडतात. वहीत मी एवढंच लिहिलं: "झाकण ठेवल्यावर आई पाठ फिरवून दुसरं काम करतात. विचारलं तर म्हणाल्या, वाफ आपलं काम करते, तिला करू दे." या ओळीचं पुढे काय झालं ते चौथ्या पायरीत.

बघण्या-ऐकण्याची ताकद केवढी असते हे माळव्यातल्या माणसांना वेगळं सांगायला नको. कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात १९४८ साली देवासला राहायला आले, इथून जेमतेम तासाभराचं अंतर, काही वर्षं गाणं पूर्ण बंद, अंथरुणावर पडून राहायचं. आसपासच्या बायका लग्नात, सणाला, कामं करताना जी माळवी गाणी म्हणायच्या ती त्यांच्या कानावर पडत राहिली, आणि बरे झाल्यावर त्या लोकधुनांमधून त्यांनी नवे राग बांधले, धुनउगम राग म्हणतात ते. ती गाणी देवासात सगळ्यांनाच ऐकू येत होती हो. मला हे आठवलं की स्वयंपाकघरातल्या बोलण्याकडे पण मी नीट कान देते.

तिसरी पायरी: वस्तू हातात घेऊन विचारा

मोठ्या माणसांना "तुमच्या आयुष्यातला काही अनुभव सांगा ना" असं विचारलं तर ते "काय सांगायचं, गेलं आयुष्य" म्हणून गप्प होतात. वस्तू समोर ठेवा. आणि "का" विचारू नका, "का" म्हटलं की माणसाला जाब विचारल्यासारखं वाटतं, कुठे, कोणाबरोबर, तेव्हा किती वाजले होते, असं विचारा.

माळ्यावरून सासऱ्यांचा जुना टेस्टर आणि वायरींचा गुंडाळा निघाला, मुलीने तो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, बाबा, हे कुठून आणलं होतं? मग दीड तास ते बोलत होते. ते कापडगिरणीत होते, अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले देखावे, मिरवणुकीने निघतात, रात्रभर रस्त्यावर गर्दी असते, त्या झाँकीची लायटिंग हे आणि यांचे दोन मित्र करायचे, ड्यूटी संपल्यावर, रात्री बारा-एकपर्यंत. गिरणी बंद पडली तेव्हा त्याच हातातल्या कामावर, लग्नाचे मांडव, दुकानांच्या माळा, असं करत त्यांनी घर चालवलं. मुलीने विचारलं, झाँकीचे पैसे मिळायचे का. बाबा म्हणाले, नाही, चहा मिळायचा. ती यावर काही बोलली नाही, पण वहीत तिने स्वतः तारीख घालून ही ओळ लिहिली, तिची पहिलीच.

या विचारण्यावर अमेरिकेत एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी काम केलंय. आजी-आजोबा कुठे वाढले, आई-वडील कसे भेटले, घरावर कोणते वाईट दिवस आले, असे वीस प्रश्न त्यांनी मुलांना विचारले, आणि ज्यांना घराबद्दल जास्त माहिती होती ती मुलं स्वतःबद्दल जास्त खात्रीने वागताना दिसली. पण म्हणून वीस उत्तरं पाठ करून घेऊ नका, त्यांनीच सांगितलंय की नुसती माहिती असण्यात काही नाही, ती ज्या गप्पांमधून, एकत्र जेवणातून मुलांपर्यंत येते त्यात आहे. आणि वाईट दिवस गाळू नका. गिरणी बंद पडल्याचं आम्ही मुलांना इतकी वर्षं सांगितलंच नव्हतं, त्यांना त्रास नको म्हणून, ते मला आज चुकीचं वाटतं.

चौथी पायरी: पंधरा दिवसांनी एकच गोष्ट उचला

आता सगळी पानं एकदा वाचा, जे दोन-तीनदा आलंय त्याखाली रेघ मारा आणि त्यातलं एकच घ्या. पाच गोष्टी सुधारायला घेऊ नका. मग त्याचं "जेव्हा हे होईल तेव्हा मी हे करेन" असं वाक्य बनवा. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच संशोधन केलंय, "मी शांत राहीन" असा नुसता निश्चय टिकत नाही, तो ठराविक वेळेला, ठराविक प्रसंगाला बांधला तर टिकायची शक्यता वाढते.

माझ्या वहीत झाकणाची गोष्ट तीनदा आली होती. आणि त्याच पानांवर हेही होतं की मुलगी कोचिंगहून आली की मी दारातच विचारते, टेस्टचं काय झालं? मी तिचं झाकण काढत होते हो, दर दोन मिनिटांनी. म्हणून वाक्य लिहिलं: "ती घरात पाऊल टाकेल तेव्हा मी पाणी आणि खायला देईन, वीस मिनिटं मार्कांचं काही विचारणार नाही." पहिले तीन दिवस जमलं नाही, तेही लिहिलं. चौथ्या दिवशी जमलं. दुसऱ्या आठवड्यात ती पोहे खाता खाता आपणहून बोलायला लागली, मार्कांचं नाही, तिची मैत्रीण महिनाभरापासून तिच्याशी बोलत नव्हती, ते सांगत होती. मला त्या महिनाभरात काहीच माहीत नव्हतं.

जमलं नाही ते लिहायला लाजू नका. त्याच ओळी पुढच्या वेळी जास्त उपयोगी पडतात.

पाचवी पायरी: प्रत्येक गोष्टीत शिकवण शोधू नका

यावर मला जरा जास्त बोलायचंय. आमच्याकडे चुलत सासूबाई आहेत, काकू, त्या सगळ्यांच्या शेवटी जेवायच्या, उरलेली पोळी, तळाची भाजी. वहीच्या दुसऱ्या आठवड्यात, माझाच नियम मोडून, मी लिहून ठेवलं होतं, "काकूंचा त्याग बघून शिकण्यासारखं आहे." महिन्याने ते पान परत वाचलं आणि मला फार वाईट वाटलं, त्यांना गरम पोळी आवडते का हे मी कधी विचारलंच नव्हतं. विचारलं. म्हणाल्या, गरम कोणाला नको असते ग. मी ती ओळ खोडली, त्या रात्रीपासून त्या पहिल्या पंगतीला बसतात आणि शेवटच्या पोळ्या आलटून पालटून मी, नवरा किंवा मुलगी करतो. तर एखाद्याचं सोसणं बघून तुम्हाला प्रेरणा मिळत असेल तर आधी हे बघा की ते सोसणं आपल्यामुळे तर नाहीये ना.

आणि घरात मारहाण, धमक्या, सततचा अपमान असेल तर तिथे सहनशक्तीचा धडा शोधत बसायचं नाही. महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करा, विश्वासातल्या कोणाला तरी सांगा.

सहावी पायरी छोटी आहे. रविवारी नाश्त्याच्या वेळी वहीतल्या दोन-तीन ओळी मोठ्याने वाचा, पण ज्याच्याबद्दल आहे त्याला आधी विचारून, आणि फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी तर नक्कीच विचारून, मुलांना पण. भांडण झालेल्या दिवसाची ओळ लगेच वाचू नका, आठवडाभर जाऊ द्या. मध्ये चार दिवस लिहायचं राहिलं तर मागचं भरत बसायचं नाही, आजची तारीख घालून पुढे चला.

आमची पहिली वही भरली ती आता काकूंच्या खोलीत असते, दुपारी धाकटा त्यांना वाचून दाखवतो. त्यांनी आत्तापर्यंत दोन दुरुस्त्या करायला लावल्या. एका ठिकाणी मी त्यांच्या माहेरच्या गावाचं नाव चुकीचं लिहिलं होतं, आणि दुसरी, पोह्यांच्या पानावर, साखर एक चमचा नाही, दीड.