तंजावरचं मोठं देऊळ कसं बघावं

दक्षिणेच्या सहलीत तंजावर बहुतेक वेळा मदुराई-रामेश्वरच्या वाटेवर कुठेतरी चिकटवलेलं असतं. बस अकराच्या सुमारास देवळासमोर उभी राहते, "बरोबर तासाभराने इथेच" असं बजावून गाइड चहाला जातो. माझी पहिली भेट अशीच झाली. चपला बाहेर स्टँडवर, डोक्यावर ऊन आणि पायाखाली तापलेली फरशी. नंदीपासून गाभाऱ्यापर्यंत मी चाललो नाही, नाचत गेलो. तेव्हाच ठरवलं की पुन्हा आलो तर दोन फेऱ्या करायच्या: एक संध्याकाळी आणि दुसरी दुसऱ्या दिवशी उजाडताना. पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलं आहे.

१. आधी मुक्काम पक्का करा

जवळचा विमानतळ तिरुचिरापल्लीचा, साधारण ६० किलोमीटरवर. रेल्वेने आलात तर तंजावर जंक्शनपासून देऊळ दोनेक किलोमीटर. रिक्षावाल्याला 'पेरिय कोविल' सांगा, म्हणजे मोठं देऊळ. 'बृहदीश्वर' म्हटलंत तरी कळेल, पण गावाच्या तोंडी पेरिय कोविलच आहे.

डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मे टाळाच. आपल्याकडचा पावसाळा संपला म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघू नका, तिकडे तेव्हाच परतीचा पाऊस जोरात असतो. देऊळ साधारणपणे सकाळी ६ ते दुपारी १२.३० आणि दुपारी ४ ते रात्री ८.३० उघडं असतं. सणावारी वेळ बदलते, तेव्हा हॉटेलात विचारून निघा. प्रवेशाला तिकीट नाही. कपडे अंगभर आणि सुती असावेत. बरेच पर्यटक अंगणात मोजे घालून फिरतात, तेही पिशवीत टाका. सोबत एक लहान बॅटरी घ्या, सकाळी कामाला येते.

२. संध्याकाळी दरवाजांतून सावकाश जा

चारनंतर फरशी निवायला लागली की निघा. वाटेत एकामागून एक तीन दरवाजे लागतात. पहिला मराठ्यांच्या काळातला. त्यापुढचा केरळांतकन, हे देऊळ बांधणाऱ्या राजराज चोळाने केरळच्या राजावर मिळवलेल्या विजयाच्या नावाचा. तिसरा राजराजन. त्याच्या दोन्ही अंगांचे द्वारपाल जवळ उभं राहून बघा, आपलं डोकं त्यांच्या गुडघ्याच्या आसपास राहतं.

इथेच एक गोष्ट ध्यानात येते. मदुराईत किंवा श्रीरंगमला बाहेरची गोपुरं आभाळाला भिडलेली आणि गाभाऱ्यावरचं शिखर ठेंगणं. इथे उलटं आहे. गोपुरं बसकी, आणि गाभाऱ्यावरचं विमान, म्हणजे शिखर, २०० फुटांहून उंच. सगळं ग्रॅनाइटचं. कावेरीच्या गाळाच्या या सपाट मुलखात असा दगड मिळत नाही, म्हणजे एकूण एक शिळा लांबून ओढून आणलेली. पहिल्या राजराज चोळाने इ.स. १०१० मध्ये हे काम पुरं केलं. १९८७ मध्ये युनेस्कोने देऊळ जागतिक वारसा यादीत घेतलं.

नंदी एकाच दगडातला आहे, त्यावरचा मंडप मात्र मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळातला. त्या दिवशी प्रदोष असेल तर तुमचं नशीब. साडेचारनंतर नंदीवर अभिषेक सुरू होतो, दूध, दही, चंदन असं एकामागून एक ओतलं जातं आणि काळा दगड दर मिनिटाला रंग बदलतो. गर्दी खूप होते, जागा अर्धा तास आधी धरा. जानेवारीत मट्टू पोंगलला, म्हणजे गुराढोरांच्या सणाला, याच नंदीला भाज्या-फळांनी सजवतात.

३. दर्शनाच्या रांगेत

आत शिरताना हात वर जातो, पण घंटा हाताला लागत नाही. तमिळ देवळांत भक्तांनी घंटा वाजवायची पद्धत सहसा नाही. अर्चना करायची असेल तर पुजारी नाव, गोत्र आणि नक्षत्र विचारतात. मी गोत्र धडाधड सांगितलं आणि नक्षत्रावर अडलो. मागच्या आजीबाई हळूच म्हणाल्या, "स्वामी पेरुक्कु." म्हणजे देवाच्याच नावाने. पुजाऱ्यांनी मान हलवली आणि काम झालं. तुम्ही घरून नक्षत्र विचारून या, नाहीतर हे दोन शब्द पाठ करा.

लिंग प्रचंड आहे, त्यामुळे रांगेतूनही नीट दिसतं. फोटो आत काढायचे नाहीत. आरतीनंतर विभूती मिळते, ती उजव्या हातात घ्या. कपाळाला लावून उरलेली खांबाला पुसू नका, कागदाच्या पुडीत ठेवा. साष्टांग नमस्कार आत नव्हे, बाहेर ध्वजस्तंभाजवळ घालतात. आपल्याकडे शंकराला अर्धी प्रदक्षिणा, इथे लोक अंगणातून पूर्ण घालतात. उत्तरेच्या अंगाला चंडिकेश्वराचं छोटं देऊळ लागेल. हा शिवाच्या मालमत्तेचा राखणदार. त्याच्यासमोर हलकेच टाळी वाजवून रिकामे तळहात दाखवतात, म्हणजे देवाचं काही घेऊन चाललो नाही.

४. सकाळी भिंती वाचा

सहाला आत असा. देऊळ पूर्वाभिमुख आहे, उन्हाचा पहिला पट्टा कळसावर पडतो आणि मजल्यामजल्याने खाली उतरतो. तो बघून झाला की मान खाली करा, कारण खरा खजिना जोत्यावर आहे. जोत्याच्या पट्ट्यांवर ओळीच्या ओळी तमिळ अक्षरं कोरलेली आहेत. बॅटरी अक्षरांच्या समोर न धरता भिंतीला चिकटवून तिरकी धरा. खोबणीत सावली पडते आणि पुसट वाटणारं अक्षर एकदम उठून दिसतं.

लिपी येत नसली तरी काय लिहिलंय ते माहीत असू द्या. राजराज सांगतो की आम्ही दिलेलं, आमच्या अक्कांनी दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं दान या दगडावर कोरावं. 'अक्कन' हाच शब्द आहे तिथे, आणि ती अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण कुंदवै. दुसरीकडे देवळाच्या सेवेत आणलेल्या ४०० नर्तिकांची यादी आहे, नावानिशी आणि कुठल्या ओळीतलं कितवं घर दिलं त्यासकट.

गाइड दोन गोष्टी हमखास सांगेल. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, आणि माथ्यावर ८० टनांची अखंड शिळा आहे. सावली पडते, सकाळी उभं राहून स्वतः बघा. माथ्याचा घुमटही अनेक तुकडे जोडून केलेला आहे. गाभाऱ्याभोवतालच्या बोळातली चोळकालीन चित्रं मात्र खरीच अप्रतिम. ती नायकांच्या काळातल्या चित्रांखाली झाकलेली होती, १९३१ मध्ये उजेडात आली. सर्वसामान्यांना तो बोळ सहसा उघडत नाहीत, त्यामुळे पुजाऱ्यांशी हुज्जत घालू नका.

५. मराठी भिंत शेवटी ठेवा

अंगणाला चहूबाजूंनी ओवऱ्या आहेत, त्यांत ओळीने शिवलिंगं. नैऋत्येच्या बाजूला जा. आतापर्यंत तमिळ अक्षरांना सरावलेली नजर तिथे एकदम थबकते, कारण समोर देवनागरी असते आणि भाषा मराठी. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा हा इतिहास. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं, आणि १८५५ पर्यंत हे राज्य त्यांच्या वंशात राहिलं. बखरीच्या वळणाचा मजकूर आहे, तेव्हा एका दमात वाचायला जाऊ नका. आधी ओळखीची नावं शोधा, मग त्यांच्या मागचे-पुढचे शब्द जुळवा. बोट भिंतीला न लावता, हवेतल्या हवेत ओळीवरून फिरवा.

याला तास-दीड तास लागेल. तोवर बाहेर अंगण तापलेलं असतं आणि अकराच्या बस यायला लागतात. ओवरीत मात्र गार सावली असते, खुशाल मांडी घालून बसा.