व्यायाम सुरू केलाय? या चुका टाळा

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास, थंडीत, पहाटे होम मैदान आणि पार्क स्टेडियमच्या आसपास पळणाऱ्या पोरांची गर्दी असते. एप्रिल लागला की त्यातली निम्मी दिसेनाशी होतात. आळस हे कारण थोडंच. सुरुवातच चुकलेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी सगळं उरकायचं. मित्राच्या नादानं शंभर बैठका मारायच्या आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरायचा. ही दुखणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतात आणि आपोआप जातात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण सांधा सुजला तर थांबा. अतिव्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण फुटलेल्या स्नायूंचा भार किडनीवर येतो.

"दिवसभर काम करतोच की!" हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. टॉवेलच्या मागावर उभं राहून पाय भरून येतात, पण दम लागत नाही. हृदयाला व्यायाम हवा असेल तर श्वास वाढला पाहिजे: बोलता यावं, गाणं मात्र म्हणता येऊ नये, इतका. आठवड्याला अशी किमान 150 मिनिटं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात. मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास विड्या वळणाऱ्या मुलींनी तर दोन-तीन जुड्या झाल्या की उठून अंगणात फेरी मारावी; कंबर आणि गुडघे दोन्ही सुटतात.

"मी बारीकच आहे" यावरही विसंबू नका. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या, बाईची 80 च्या पुढे गेली तर मधुमेहाचा धोका वाढतो. टेप लावून बघा, वजनकाटा सगळं सांगत नाही.

आता ऊन. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा व्यायाम सोडायचा नसतो, वेळ बदलायची असते: पहाटे साडेपाच, नाहीतर घरातच जोर-बैठका. उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात, तेवढे दिवस निम्माच व्यायाम करा. घाम खूप गेला तर नुसतं पाणी पुरत नाही. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू-सरबत घ्या. चक्कर, मळमळ वाटली तर सावलीत बसा. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर अंगावर पाणी ओता, वारा घाला, 108 ला फोन करा.

रविवारच्या टेनिस बॉल क्रिकेटबद्दल एकच: आठवडाभर खुर्चीत बसून थेट पहिल्या चेंडूला धाव काढायला सुटू नका, मांडीचा स्नायू धरतो. आधी दहा मिनिटं हलकं पळा.

प्रोटीन पावडरच्या डब्याची घाई नको. शेंगा, डाळ, दूध, अंडी यांवर सुरुवात छान होते. मात्र व्यायाम करताना छातीत दुखत असेल, भोवळ येत असेल, किंवा घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल, तर जिमची फी भरण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.