झाकून बाळगायचं छोटं, स्वस्त पिस्तूल: घेण्याआधी काय तपासावं

सगळ्यात छोटं पिस्तूल हे सहसा पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी सगळ्यात वाईट पिस्तूल असतं. खिशात मावतं, वजन जाणवत नाही, किंमतही कमी, म्हणून मोह होतो. पण ते चालवायला अवघड असतं, आणि अवघड असतं म्हणून सरावाला बाहेर निघत नाही. निवडीचा खरा निकष असा: रोज अंगावर ठेवाल आणि महिन्यातून एकदा तरी कुरकुर न करता चालवाल, अशांपैकी जे सगळ्यात मोठं, ते घ्या. पुढचं सगळं, कायदा आणि परवाना झाकून पिस्तूल बाळगू देतो तिथल्यासाठी आहे. आपल्याकडचे नियम दुकानात जाण्याआधी वाचलेले असावेत, नंतर नाही.

पैशांची वाटणी आधी ठरवा. पिस्तूल हा खर्चाचा एक भाग आहे. त्यासोबत चांगलं होल्स्टर (पिस्तूल अंगावर ठेवायचं म्यान), ताठ पट्टा, किमान दोन जादा मॅगझिन (काडतुसं भरून मुठीत बसवायचा सुटा डबा), घरी कुलपात ठेवायची पेटी आणि सुरुवातीची निदान अडीचशे काडतुसं लागतात. सगळी रक्कम पिस्तुलातच संपत असेल तर ते पिस्तूल तुमच्यासाठी महाग आहे, मग त्यावरची किंमत काहीही असो. मधल्या दर्जाचं पिस्तूल आणि भरपूर सराव हे महागडं पिस्तूल आणि कपाटात पडून असलेल्या काडतुसांच्या एका डब्यापेक्षा केव्हाही बरं.

स्वस्त पिस्तुलात पैसे कुठे वाचवलेले असतात हेही बघा. रुगर ईसी९एसमध्ये नेम धरायच्या साइट स्लाइडमध्येच (पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागात) कोरलेल्या आहेत, त्या बदलता येत नाहीत. ही काटकसर चालण्यासारखी आहे, फक्त त्या साइट तुमच्या डोळ्यांना दिसतात का हे घेण्याआधी पाहा. बाहेरचा मुलामा साधा असणं, डब्यात एकच मॅगझिन असणं, यानेही बिघडत नाही. पण मॅगझिन बाजारात मिळतच नाहीत, होल्स्टर कोणी बनवत नाही, सुटे भाग मागवायला महिने लागतात, अशा अनोळखी पिस्तुलाची स्वस्ताई फसवी असते. चलतीचं मॉडेल घेण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

काडतूस कुठलं?

व्यवहारात निवड दोघांत असते: .३८० एसीपी आणि ९ मि.मी. .३८० हे १९०८ सालचं, जॉन ब्राउनिंगचं काडतूस. त्याचं आवरण (गोळी आणि दारू धरून ठेवणारी धातूची नळी) ९ मि.मी.पेक्षा दोन मिलिमीटरने आखूड, गोळीचा व्यास जवळपास तोच, गोळी मात्र बहुधा ९० ते ९५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). ९ मि.मी.मध्ये ११५, १२४ आणि १४७ ग्रेन या नेहमीच्या गोळ्या. ताकदीत फरक आहेच, पण छोट्या पिस्तुलात दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा ठरतो. पोकळ टोकाची गोळी लागल्यावर फुलण्यासाठी वेग लागतो, आणि तीन इंचांहून आखूड नळीत .३८० चा वेग तिथवर पोचतोच असं नाही. फुलली तर खोल जात नाही, खोल गेली तर फुललेली नसते, अशी ओढाताण या काडतुसात कायम असते. गोळी चाचणीसाठीच्या जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच शिरावी हा एफबीआयचा निकष ९ मि.मी.च्या चांगल्या गोळ्या आखूड नळीतूनही गाठतात. .३८० मध्ये तशा गोळ्या शोधून काढाव्या लागतात.

शिवाय .३८० ची काडतुसं लहान असूनही बहुतेक वेळा ९ मि.मी.पेक्षा महाग पडतात, कारण ९ मि.मी.चं उत्पादन प्रचंड आहे. म्हणजे पिस्तूल स्वस्त आणि सराव महाग. ज्यांच्या हाताला ९ मि.मी. झेपतं त्यांनी तेच घ्यावं. झेपत नसेल तर .३८० घेण्यात कमीपणा नाही, हुकलेल्या ९ मि.मी.पेक्षा लागलेली .३८० बरी. .२२ या आणखी छोट्या काडतुसाबद्दल एवढंच: त्यात पेटता मसाला काडतुसाच्या कडेत असतो, त्यामुळे न उडणाऱ्या काडतुसांचं प्रमाण मधोमध प्रायमर (दारू पेटवणारी टिकली) असलेल्या काडतुसांपेक्षा जास्त. सरावाला उत्तम, भरवशाला दुय्यम.

एक गल्लत टाळा. .३८० म्हणजे धक्का कमी, असं सरसकट नसतं. बर्सा थंडर किंवा वॉल्थर पीपीके यांसारखी पिस्तुलं ब्लोबॅक पद्धतीची आहेत. त्यांत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली नसतात, गोळी सुटताना स्लाइडला फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग थोपवून धरतात. म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते आणि धक्का हाताला टोचल्यासारखा बसतो. ग्लॉक ४२ मध्ये नळी स्लाइडला अडकते आणि थोडं मागे गेल्यावर सुटते, म्हणून काडतूस तेच असूनही धक्का मवाळ लागतो. रुगर एलसीपीची रचनाही अशीच, पण तिचं वजन जेमतेम २७० ग्रॅम. तिथे रचनेचा फायदा हलकेपणा खाऊन टाकतो. सिग पी३६५ सुमारे ५०० ग्रॅमचं आहे आणि ९ मि.मी. असूनही बऱ्याच जणांना एलसीपीपेक्षा चालवायला सोपं जातं.

आकारात काय लपतं, काय नाही

नवखा माणूस नळीची लांबी बघतो. कमरेच्या आत बाळगताना नळी पॅन्टच्या आत जाते, ती कितीही असली तरी सहसा दिसत नाही. शर्टातून उठून दिसते ती मूठ. ग्लॉक ४३ आणि ४३एक्स यांची स्लाइड सारखीच, पण उंची अनुक्रमे १०८ आणि १२८ मिलिमीटर. या दोन सेंटिमीटरमुळे ४३एक्समध्ये सहाऐवजी दहा काडतुसं मावतात आणि करंगळीला जागा मिळते, पण वाकल्यावर उठाव दिसतो तोही याच दोन सेंटिमीटरचा. त्यातून मार्ग होल्स्टरचा: पट्ट्याला टेकणारा छोटा पंख असलेलं होल्स्टर मूठ पोटाकडे वळवतं आणि उठाव बराच कमी होतो. उलट नळी फारच आखूड असली तर पट्ट्याच्या वरचा भाग जड होऊन पिस्तूल बाहेरच्या बाजूला कलंडतं. म्हणजे नळी थोडी लांब असणं लपवायला मदतच करतं.

जाडी एक इंचाच्या आसपास असावी. पूर्वी एवढ्या जाडीत सहा-सात काडतुसांवर समाधान मानावं लागायचं. २०१८ साली आलेल्या पी३६५ ने वर निमुळतं होत जाणारं दुहेरी रांगेचं मॅगझिन वापरून तेवढ्यात दहा बसवली, आणि नंतर सगळ्यांनीच तो मार्ग धरला. टॉरस जी२सी बारा काडतुसांचं आणि किमतीला हलकं, पण सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास आणि जाडजूड. कमरेला चालेल, खिशाला नाही.

हातात घेऊन तपासताना

आधी रिकामं आहे याची खात्री. क्रम पाळा: मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालूनही बघा. क्रम उलटा केला तर स्लाइड ओढून बाहेर काढलेल्या काडतुसाच्या जागी मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये जातं आणि पिस्तूल रिकामं केल्याचं समाधान तेवढं उरतं. समोरच्याने तुमच्यादेखत तपासून दिलं तरी स्वतः पुन्हा तपासा, आणि नळीचं तोंड सतत सुरक्षित दिशेला ठेवा.

आता मूठ. अंगठा आणि तर्जनीमधली खोबण मुठीच्या शक्य तितक्या वर बसवा. तर्जनीच्या पहिल्या पेराचा गुबगुबीत भाग चापावर सहज पोचला पाहिजे. बोट ताणावं लागत असेल किंवा दुसरं पेर चापात जात असेल तर मूठ तुमच्या मापाची नाही. करंगळी हवेत लोंबत असेल तर मॅगझिनच्या तळाला जोडायचा छोटा वाढीव तुकडा मिळतो का विचारा. बऱ्याच पिस्तुलांत तेवढ्यानेच पकड सुधारते.

स्लाइड पाच-सहा वेळा ओढा. पिस्तूल छोटं म्हणजे स्लाइड ओढायला सोपी, हा समज उलटा आहे. स्लाइड जितकी हलकी तितकी स्प्रिंग कडक लागते. ओढताना फक्त डाव्या हाताने मागे खेचू नका, वरून चारही बोटांनी स्लाइड पकडून उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. तरीही जमत नसेल तर स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझी मालिका बघावी, ती याच अडचणीसाठी बनवली आहे. आकाराने थोडी मोठी आहे, पण चालवता न येणाऱ्या छोट्या पिस्तुलापेक्षा केव्हाही बरी.

चापाची परीक्षा अशी: विक्रेत्याची परवानगी घ्या, पिस्तूल रिकामं आहे हे पुन्हा पाहा, पुढच्या साइटच्या मागे स्लाइडवर एक नाणं ठेवा आणि सुरक्षित दिशेला धरून चाप हळूहळू ओढा. चाप सुटताना नाणं पडत असेल तर तोंड हलतंय. दोन-चार प्रयत्नांनंतरही पडत राहिलं तर चाप तुमच्या बोटासाठी जड आहे किंवा मूठ अरुंद. खिशातल्या पिस्तुलांचा चाप मुद्दाम लांब आणि जड ठेवलेला असतो, कारण अनेकांत वेगळी सेफ्टी नसते. हा दोष नाही, पण त्याचा सराव लागतो. (.२२ सारख्या, कडेत मसाला असलेल्या पिस्तुलात रिकामा चाप ओढू नका, फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते.)

जुनं घेत असाल तर नळी काढून प्रकाशाकडे धरा. आत गोल कडी पडल्यासारखी सावली दिसली तर नळी फुगलेली आहे, तिथेच व्यवहार थांबवा. मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकलेले नाहीत ना, स्लाइड स्वतःच्या जोरावर पूर्ण पुढे बसते ना, तेही बघा. आणि कारखान्याने माघारी बोलावलेल्यांत हा नंबर आहे का, हे उत्पादकाकडे विचारा. रुगरने २००८ साली सुरुवातीची एलसीपी याच कारणाने परत मागवली होती: भरलेलं पिस्तूल खाली पडलं तर सुटण्याची शक्यता होती.

होल्स्टर

होल्स्टरशिवाय पिस्तूल खिशात किंवा कमरेला खोचणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. चापाभोवतीची कडी पूर्ण झाकणारं, त्याच मॉडेलसाठी घडवलेलं होल्स्टर घ्या. कायडेक्स (टणक प्लास्टिक) ठीक. चामडंही चालतं, पण मऊ पडून तोंड मिटायला लागलं की टाकून द्या, आत वळलेली कड चाप दाबू शकते. खिशात ठेवायचं तर खिशाचंच होल्स्टर हवं, आणि त्या खिशात दुसरं काहीही नको. परत ठेवताना घाई करू नका. बोट सरळ, शर्ट बाजूला, डोळे होल्स्टरवर. पिस्तूल बाहेर काढताना होतात त्याहून जास्त अपघात आत ठेवताना होतात असं अनुभवी प्रशिक्षक बजावतात, आणि बहुतेकदा कारण चापात अडकलेला शर्टाचा कोपरा असतो.

भरवसा कधी ठेवावा

आणल्याबरोबर साफ करा, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या ठिकाणी एकेक थेंब तेल द्या, मग साधी दोनशे काडतुसं चालवा. त्यानंतर ज्या पोकळ टोकाच्या गोळ्या रोज बाळगणार त्यांतली पन्नास. मॅगझिनवर १, २, ३ असे आकडे टाका. अडथळा एकाच आकड्यावर येत असेल तर दोष मॅगझिनचा आहे, पिस्तुलाचा नाही.

रिकामं आवरण स्लाइडच्या बाहेर फेकायच्या खिडकीत उभं अडकत असेल तर पहिला संशय मनगटावर घ्या. छोट्या पिस्तुलाला मागून घट्ट आधार मिळाला नाही तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही. शेवटच्या काडतुसानंतर स्लाइड उघडी राहत नसेल तर बहुधा अंगठा स्लाइड-स्टॉपवर (स्लाइड उघडी अडकवणाऱ्या कळीवर) टेकलेला असतो, छोट्या मुठीत हे हमखास होतं. स्लाइड शेवटचे दोन मिलिमीटर पुढे जात नसेल तर कोरडेपणा किंवा मळ. हे सगळं बघूनही दर पन्नासात एखादं अडत राहिलं, तर ते पिस्तूल परत करा किंवा दुरुस्तीला द्या. पोकळ टोकाच्या गोळ्यांचा एखादा ब्रँड रुचत नसेल तर आधी ब्रँड बदलून पाहा. गोळीच्या टोकाचा आकार बदलला की चेंबरकडे चढायची वाट तिला सोपी होते. '+पी', म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाची काडतुसं, मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच वापरा. .३८० साठी तर अमेरिकेच्या मानक संस्थेने '+पी' असा दर्जाच ठरवलेला नाही, डब्यावर तसं लिहिलेलं असलं तरी तो उत्पादकाचा स्वतःचा अंदाज.

वापरात आल्यावर दोन गोष्टी नेहमी विसरल्या जातात. रोज तेच काडतूस काढून पुन्हा चेंबरमध्ये भरत राहिलं तर आपटून आपटून गोळी आवरणात मागे सरकते, दाब धोकादायक वाढतो. नव्या काडतुसाशेजारी ठेवून लांबी बघा, आखूड दिसलं तर बाद करा. आणि खिशातलं पिस्तूल महिन्यातून एकदा उघडा: चेंबरच्या तोंडाशी, मॅगझिनच्या ओठांत आणि मागच्या साइटमध्ये कापडाचा भुगा साचलेला सापडेल. कोरड्या ब्रशने तो काढा, तेल पुसट द्या. खिशात जास्त तेल म्हणजे जास्त भुगा.