पॅकिंग बाहेर द्यायचंय? मग रेट सगळ्यात शेवटी विचारा

नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत आमची पॅकिंगची शेड आहे. मिरची पावडर, सावजी मसाला, नमकीन असा माल येतो. माल तुमचा, पाऊचच्या फिल्मचा छापील रोल तुमचा. आम्ही भरतो, सील करतो, तारीख मारतो आणि खोक्यात रचून परत देतो. नवीन पार्टीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, पाऊचमागे किती घेता जी?" मी उलट विचारतो, पावडर किती बारीक आहे, रोल कशाचा आहे, वेस्टेज कोणाच्या माथी? पलीकडे शांतता. म्हणून काम बाहेर देणाऱ्यांनी कुठे बघायचं ते लिहितो. उदाहरणं खाण्याच्या मालाची आहेत, कारण माझा हात त्यातच बसलाय.

आधी शेडवर या, आणि तुमचा खरा माल घेऊन या. दुसऱ्याच्या मालावर मशीन चालवून दाखवली तर त्यातून तुम्हाला काही कळत नाही. पावडरीला स्क्रूने मोजून टाकणारा ऑगर फिलर लागतो, दाणेदार मालाला कप फिलर चालतो, शेव-चिवड्याला अनेक कप्प्यांत तोलून टाकणारा मल्टिहेड बरा. भिवापुरी मिरची बारीक दळलेली असेल तर ती उडते आणि सीलच्या जागेवर बसते. वरून सील झकास दिसतं, पण त्या पट्टीत पावडरीची लाल रेघ अडकलेली असते. पाऊच उजेडात धरा, रेघ दिसेल. मग बादलीत पाणी घ्या, पाऊच बुडवून तळहाताने दाबा. बुडबुडा आला की ते सील कच्चं. दुकानात महिनाभराने त्याच फटीतून ओल शिरते, गुठळ्या होतात आणि शिव्या तुम्हाला बसतात.

वजन मशीन सुरू होताच तपासू नका. हॉपरमधला (मशीनवरच्या नरसाळ्यातला) माल खाली गेला की ऑगरचं माप हलतं. तासाभराने, हॉपर अर्धा असताना, मधलेच दहा पाऊच उचला आणि काट्यावर ठेवा. काट्यावर वैधमापन खात्याचा चालू शिक्का आहे का तेही बघा. २०० ग्रॅमच्या पाऊचला कायद्याने एका नगात जास्तीत जास्त ९ ग्रॅमची चूक चालते, पण नमुन्याची सरासरी २०० च्या खाली गेलेली चालत नाही. त्यामुळे "१९२ भरलं तरी पास" म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा. उलट बाजूही बघा: प्रत्येक पाऊचमध्ये ३ ग्रॅम जास्त गेले तर टनामागे १५ किलो माल फुकट गेला. रेटमध्ये पाच पैशांसाठी घासाघीस करणारे लोक हा हिशोब मांडतच नाहीत.

आता वेस्टेज. रोल लावताना, मशीन सेट होताना सुरुवातीचे पाऊच वाया जातातच; शून्य वेस्टेज सांगणारा खोटं बोलतो. मालाची आणि रोलची टक्केवारी वेगवेगळी लिहून घ्या. फुटके पाऊच आणि उरलेला रोल किलोवर मोजून परत मागा. तुमच्या नावाचा छापील रोल बाहेर राहिला तर त्यात उद्या कोणाचा माल भरला जाईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

लेबल हे काम डिझायनरवर सोडू नका. पॅकबंद वस्तूंचे २०११ चे नियम आहेत. त्याप्रमाणे वस्तूचं नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि ग्राहक तक्रारीसाठी नाव-पत्ता-फोन-ईमेल लागतं. बनवणारा आणि पॅक करणारा वेगळे असतील तर दोघांचं नाव-पत्ता. म्हणजे माल आमच्याकडे भरला की आमचंही नाव तुमच्या पाऊचवर येणार. काही पार्ट्यांना ते आवडत नाही, पण नियम आहे. शिवाय एककामागची किंमत: ९० रुपयांचा २०० ग्रॅमचा पाऊच असेल तर ०.४५ रुपये प्रति ग्रॅम. खाण्याच्या वस्तूला याव्यतिरिक्त हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, घटक उतरत्या क्रमाने, नमकीनसारख्या मालाला पोषणमूल्य, बॅच नंबर, वापरण्याची अंतिम तारीख आणि १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा खात्याचा) नंबर. पॅक करणाऱ्याचं लायसन्स फॉस्कॉसवर, म्हणजे एफएसएसएआयच्या वेबसाइटवर, तपासा. लायसन्स त्या-त्या जागेपुरतंच असतं. इतवारीच्या दुकानाचा नंबर दाखवून हिंगण्यात माल भरता येत नाही.

एमआरपी, तारीख आणि बॅच रोलवर छापून घेऊ नका. तिथे पांढरी, मॅट खिडकी सोडायला सांगा. चकचकीत फिल्मवर शाई बोटाने पुसली जाते. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, नमकीन १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. ज्यांची किंमत रोल छापायच्या सिलिंडरमध्येच कोरलेली होती ते स्टिकर चिकटवत बसले, खिडकीवाल्यांनी कोडिंगचा (भरताना मशीनने मारायचा) आकडा बदलला आणि मोकळे झाले. बारकोड लाल रंगात छापू नका, स्कॅनरला लाल रेघ दिसत नाही. मिरचीवाल्यांना हे दर वेळी सांगावं लागतं.

कागदाचं थोडक्यात: माल जॉबवर्कला, म्हणजे आमच्यासारख्याकडे भरायला, पाठवताना डिलिव्हरी चलन बनवा, बिल नाही. माल वर्षाच्या आत परत यायला हवा, नाहीतर जीएसटीत तो विक्री धरला जातो. चलनावर पोत्यांबरोबर रोलचे किलोही लिहा.

नागपूरचं हवामान हिशोबात धरा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. स्वस्त गमाचं लेबल बरणीवरून सरकतं, म्हणून लेबलाचा नमुना उन्हात ठेवून बघितल्याशिवाय पूर्ण छपाई सोडू नका. जुलैत कार्टन ओल धरतं. खालचं खोकं बसलं की वरची सगळी थप्पी कलंडते. पाच थरांचं, पाच-प्लायचंच घ्या आणि थप्पी लाकडी पाटांवर रचायला सांगा. पोळा, तान्हा पोळा, मारबत या दिवसांत बायामाणसं कामावर येत नाहीत, आणि यायला सांगूही नये. दिवाळीचा माल हवा असेल तर रोल श्रावणातच शेडवर पोचवा. छापणाऱ्याकडे तेव्हाच रांग लागलेली असते.

एवढं सगळं ठरलं की मग रेट. तो एका आकड्यात घेऊ नका. भरणं-सील, कोडिंग, स्टिकर, कार्टन, टेप असं तोडून लिहून घ्या, म्हणजे दोन शेडची तुलना करता येते. लोडिंग वेगळं लागतं का ते विचारा, आणि माल तयार नसल्यामुळे छोटा हत्ती गेटवर उभा राहिला तर त्याचं भाडं कोणी द्यायचं, तेही त्याच कागदावर लिहा.