युद्धकाळातला जुना प्रेस फोटो तपासताना आधी पाठ वाचा

पडक्या घरापुढे बसलेली म्हातारी, बोचकी घेऊन निघालेलं कुटुंब. असा फोटो हातात आला की नजर चेहऱ्यांवरच खिळते. तो आधी पालथा करा, कारण निम्मी माहिती मागे असते.

हात धुऊन कोरडे करा किंवा नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती मोज्यांनी पकड सुटते आणि फाटक्या कडेत धागा अडकतो. प्रिंट कडांनी धरून कोऱ्या कागदावर ठेवा. नोंदी वहीत, पेन्सिलीने. पेन टेबलावरसुद्धा नको.

मागे वृत्तसंस्थेचा शिक्का, टाइप केलेली फोटोओळ (फोटोत काय आहे ते सांगणारा मजकूर), सेन्सॉरची मंजुरी, कधी छापून आलेलं कात्रणही सापडतं. सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. घटना घडली ती तारीख वेगळी, फोटो दप्तरी दाखल झाला ती वेगळी, पुन्हा छापला ती आणखी वेगळी. एका पाठीवर तीन-चार शिक्के असू शकतात. त्यातला सर्वांत जुना शिक्का ‘ही प्रिंट तेव्हा अस्तित्वात होती’ एवढंच सांगतो.

आता कागद. अंधारात ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन, आहे, आणि फोटोच्या कागदात ते साधारण १९५० च्या दशकाच्या मध्यापासून येऊ लागलं. म्हणजे १९४० चा म्हणून दिलेला चमकणारा फोटो नंतर काढलेली प्रत आहे. निगेटिव्ह मात्र १९४० ची असू शकते. उलटा निष्कर्ष काढू नका. न चमकणारे कागद नंतरही होते.

भिंगातून बारीक समांतर रेघा दिसल्या आणि ओळ चित्राच्याच कडेत उमटलेली असली, तर ती बहुधा तारेने, म्हणजे टेलिफोनच्या तारांवरून पाठवलेली प्रत. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेची अशी वायरफोटो सेवा १९३५ मध्ये सुरू झाली. पाठवताना तपशील विरतो, म्हणून अशा प्रतीवरून चेहरा ओळखायला जाऊ नये.

मग फोटो उताणा करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. ब्रशचा पांढरा रंग, एअरब्रशने गडद केलेला धूर, फोटो कुठून कापायचा ते दाखवणाऱ्या ग्रीस पेन्सिलच्या (मेणकट पेन्सिलच्या) खुणा लगेच उठून दिसतात. रिटचिंग, म्हणजे फोटोवर हाताने केलेली रंगसफाई, दिसलं म्हणजे लबाडी, असं नाही. वृत्तपत्राच्या जाड ठिपक्यांत चित्र बुजू नये म्हणून कडा रंगवणं रोजचंच काम होतं. चित्रात नसलेला धूर किंवा माणूस घातला असेल, तर मात्र थांबून विचार करा. खुणा पुसू नका, त्याच तर पुरावा आहेत.

छापताना फोटोची कड कापल्याने काय होतं ते व्हिएतनाममधल्या ट्रांग बांगच्या ८ जून १९७२ च्या फोटोत पाहा. पळणाऱ्या मुलांच्या उजवीकडे कॅमेऱ्यात गुंतलेला एक छायाचित्रकार आहे. अनेक छापील प्रतींत तो कापलेला आहे. फोटोओळीचंही तसंच: ती बदलली की त्याच फोटोचा अर्थ बदलतो. छायाचित्रकार हर्बर्ट मेसनने २९ डिसेंबर १९४० च्या रात्री, जर्मन बॉम्बहल्ल्यात, धुरातून वर आलेला लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट टिपला. लंडनमध्ये तो तग धरल्याची खूण म्हणून छापला गेला. पुढच्याच महिन्यात एका जर्मन साप्ताहिकाने तोच फोटो लंडन जळतंय हे दाखवायला वापरला.

म्हणून वहीत तीन रकाने ठेवा: डोळ्यांना दिसतं ते, ओळीत लिहिलंय ते, दुसरीकडून पडताळलं ते. पाट्यांची लिपी, गणवेशावरची चिन्हं, सावल्यांची लांबी, अंगावरचे कपडे आणि सांगितलेला महिना हे पहिल्या रकान्यातून तिसऱ्यात नेतात. मूळ फोटोओळ शब्दशः उतरवा. त्यातले अपमानास्पद शब्दही गाळू नका, अवतरणात टाका. आपलं वर्णन त्याखाली वेगळं.

दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून टिफ (TIFF) फाइलमध्ये ठेवा. मागे चिकटवलेली फोटोओळीची चिठ्ठी ओढून काढू नका. जुन्या रबर सिमेंटसोबत (रबरी गोंदासोबत) कागदाचा थर निघून येतो. आपोआप सुटलीच तर वेगळ्या कागदी पाकिटात घालून फोटोसोबत ठेवा. पीव्हीसीचं पाकीट कधीच नको, पॉलिएस्टरचं चालतं. मात्र रिटचिंगचा रंग पापुद्रे सोडत असेल तर तेही नको: त्याच्या स्थिर विजेने रंग उचलला जातो. तिथे आम्लमुक्त कागदाचं पाकीटच वापरा, आणि खोलीतली सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राखा.