लाकडी जिना आणि कठडा दुरुस्तीला देताना या चुका टाळा

सोलापूरच्या जुन्या पेठांतील घरांच्या दुरुस्तीची कामे मी गेली २२ वर्षे अंगावर घेत आलो आहे, आणि सागवानी जिन्याची जी कामे माझ्याकडे येतात त्यांपैकी निम्मी तरी आधीच कोणीतरी बिघडवून ठेवलेली असतात. दोष नेहमी कारागिराचाच असतो असे नाही. पुष्कळदा घरमालकानेच सुताराचे काम पॉलिशवाल्याला सांगितलेले असते आणि तेही सण चार दिवसांवर आल्यावर.

सुताराआधी पॉलिशवाल्याला बोलावणे ही त्यातली सर्वांत महागात पडणारी चूक होय. शुक्रवार पेठेतील माझ्या आत्याच्या वाड्यात मुलाचे लग्न ठरले, तेव्हा जिन्याच्या वरच्या वळणावरील खुंट, म्हणजे कठड्याला आधार देणारा जाड खांब, हाताला बोटभर हलत होता. बोलावलेला पॉलिशवाला म्हणाला, "दोन खिळे मारतो, फटीत लांबीची पुट्टी भरतो, कुणाला कळणारसुद्धा नाही." त्याने तीन इंची खिळे तिरके ठोकले, फटीत भुसा आणि फेविकॉल कालवून भरले, रंग बेमालूम जुळवला आणि वरून असा चकचकीत हात दिला की सांधा शोधूनही सापडू नये. हळदीच्या दिवशी पंगत माडीवर होती. आमटीची बादली घेऊन चढणाऱ्या मुलाने वळणावर कठड्याला भार दिला आणि खुंट कठड्यासकट निखळून आला. मुलगा भिंतीकडे कलला म्हणून बचावला. आमटी मात्र थेट अंगणापर्यंत पोहोचली.

नंतर मी तो खुंट काढून पाहिला, तेव्हा खोबणीत बसणारे त्याचे निमुळते टोक, म्हणजे कुसू, अर्धे कुजलेले होते आणि उरलेला निरोगी अर्धा भाग त्या खिळ्यांनी रेषेवर उभा चिरला होता. ओल कोठून आली याचे उत्तर तेथेच उभे होते. नळाला काही दिवसांआड पाणी येते म्हणून माडीवर पाण्याचे पिंप भरून ठेवलेले असे आणि तांब्याने पाणी काढताना रोज थोडे खुंटाच्या बुडाशी सांडत असे. पिंप हलवले नसते तर नवे लाकूडही काही वर्षांत त्याच वाटेने गेले असते. दुरुस्ती म्हणजे सांधा पूर्ण उघडणे, जुना सरस खरवडणे, कुजका भाग कापून तेथे सागाचाच जोड देणे आणि नवे कुसू पाचर मारून घट्ट बसवणे. आमच्या सुताराला त्या एका खुंटाला दीड दिवस लागला.

तेव्हापासून कोणालाही बोलावण्याआधी मी खडू घेऊन अनवाणी जिना चढतो. आवाज करणाऱ्या पायरीवर फुली मारतो, हलणाऱ्या गजावर रेघ ओढतो आणि खुंटाच्या बुडाशी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहतो. ते लोण्यासारखे आत गेले की तेथे गोल काढतो. शेवटची खूण सुताराने माझ्यासमोर पुसेपर्यंत पॉलिशवाल्याला मी उंबऱ्याच्या आत घेत नाही. ही पद्धत कोणाला अति वाटते, पण खडूला दोन रुपयेही लागत नाहीत.

दुसरी चूक जुने पॉलिश कोणते आहे हे न पाहताच त्यावर नवे चढवण्याची आहे. पेठांतील बहुतेक जुन्या जिन्यांवर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश सापडते. या लाखेत मुळातच मेण असते, त्यामुळे त्यावर थेट मारलेला पीयूचा (पॉलियुरेथेन या कृत्रिम वार्निशचा) थर नीट धरत नाही आणि वर्षभरात नखाने सोलता येईल इतका सुटतो. पायरीच्या खालच्या, न दिसणाऱ्या अंगाला स्पिरिटचा बोळा मिनिटभर धरावा; पृष्ठभाग चिकट झाला आणि कापूस तपकिरी झाला तर ती लाख समजावी. मग एक तर लाखेवर लाखच चढवावी, नाहीतर जुना थर मुळापर्यंत काढावा. "वरून जरा घासून घेतो" म्हणणाऱ्या कारागिराकडून हे काम करून घेऊ नये, आणि ते ऐकून खूश होणाऱ्या मालकाविषयी मी काही न बोललेलेच बरे.

काम कोणत्या महिन्यात काढावे, याचा विचार फारच थोडे लोक करतात. एप्रिल-मे महिन्यांत येथील कोरड्या उन्हाने लाकूड आकसते आणि फटी रुंदावतात. त्या वेळी ठासून भरलेली लांबी पावसाळ्यात लाकूड फुगले की बाहेर ढकलली जाते. पावसाळी हवेत स्पिरिटच्या पॉलिशवर पांढुरकी झाक येते. म्हणून मी दिवाळीनंतर काम काढतो आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेआधी संपवतो, कारण यात्रेच्या दिवसांत सोलापुरातला कारागीर कामावर येईल ही आशाच करू नये.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. दीड इंची सागाच्या पायरीच्या जागी १८ मिलिमीटरचा प्लाय बसवू नये, कारण तो पायाखाली लवतो आणि एकाच पायरीची उंची बदलल्याने माणूस हमखास अडखळतो. पायऱ्यांवर चकाकी नको. ती कठड्याला शोभते, पायऱ्यांना मॅट फिनिशच बरे. जुन्या वाड्यात पहिली पायरी दगडाची असते ती ओल आणि वाळवी लाकडापर्यंत चढू नये म्हणून, ती काढून जिना फरशीवर टेकवू नये. जिन्यावर जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू देऊ नये. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसे असू शकते आणि घरात लहान मूल असेल तर ही धूळ फार वाईट. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये, तो आपोआप पेट घेऊ शकतो. त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात. उचल द्यावी, पण सांधे उघडून दाखवण्याआधी अर्ध्याहून अधिक रक्कम कधीच देऊ नये.

राहता राहिला अधीरपणा. पीयूचा हात दिल्यावर हलक्या पावलांनी चालण्यासही एक दिवस जाऊ द्यावा लागतो आणि थर पुरता कठीण व्हायला आठवडा लागतो. घरात एकच जिना असेल तर मी विषम पायऱ्या एका दिवशी आणि सम पायऱ्या त्या वाळल्यावर करून घेतो, ओल्या पायरीवर वर्तमानपत्र न टाकता आडवी सुतळी बांधतो आणि माडीवरच्या वयस्कर माणसांची गादी तेवढे दिवस खाली आणवतो. एका घरी सुतळी बांधायची राहिली होती. तेथे पाचव्या पायरीवर कोल्हापुरी चपलेचा ठसा आजही स्वच्छ दिसतो, आणि ती चप्पल स्वतः मालकांचीच होती.